मुलगा सैन्यात जातोय, पाप लागेल का?

या खेपेला टपालाने आणि व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न बहुतेक एकाच दिशेचे आहेत: सैन्य, मतदान, कर, देशनिष्ठा. किनाऱ्यावरच्या आपल्या ख्रिस्ती घरांत हे विषय जेवताना निघतात, चर्चच्या आवारात मात्र कुणी काढत नाही. मी धर्मगुरू नाही. वसईतल्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण दिलं, आणि ही दोन कामं मला कधी वेगळी वाटली नाहीत. त्या भरवशावर उत्तरं देते आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.

बाई, माझा मुलगा बारावी झाला. अग्निवीर भरतीची तयारी करतोय, पहाटे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर धावायला जातो. सासूबाई म्हणतात, ‘तू खून करू नकोस’ ही देवाची आज्ञा आहे, मग पगारासाठी माणसं मारायला पोराला कशी पाठवतेस? दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. मी त्यांना काय सांगू? – एक आई, वसई तालुका

ताई, आधी त्यांना सांगा की त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायला मिळू दे, मग त्या जेवतील.

ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, पहिल्या तीन शतकांत कितीतरी जणांनी तुमच्या सासूबाईंचंच म्हणणं जिवावर उदार होऊन मांडलं. इ. स. २९५ मध्ये, आज अल्जीरियात असलेल्या तेबेस्सा गावी मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाला रोमन सैन्यात भरतीसाठी उभं केलं. उंची मोजली, गळ्यात शिशाचा शिक्का घालायला पुढे झाले. तो म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला शिपाई होता येणार नाही. अधिकारी म्हणाला, बादशहांच्या खास पथकातसुद्धा ख्रिस्ती शिपाई आहेतच की! त्यावर मुलाचं उत्तर असं होतं, की त्यांनी काय करावं ते त्यांना ठाऊक. मला वाईट करता येत नाही. त्याचा शिरच्छेद झाला आणि ख्रिस्तसभा आज त्याला संत मानते.

या गोष्टीतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्या मुलाच्या उत्तराची तऱ्हा. दुसऱ्या ख्रिस्ती शिपायांना त्याने पापी ठरवलं नाही. त्याने स्वतःपुरतं ठरवलं आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

आता दुसरी बाजू. योहान बाप्तिस्ताकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले. योहान कुणाची भीडभाड ठेवणारा नव्हता, राजालाही त्याने तोंडावर सुनावलं. पण शिपायांना तो हत्यार टाका म्हणाला नाही. कुणाला लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढंच त्याने सांगितलं (लूक ३:१४). कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, तर परक्या, जुलमी सत्तेचा अंमलदार. त्याच्याएवढा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असं प्रभू येशू म्हणाला. सासूबाईंना आठवण करून द्या, की मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्याआधी ‘तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही’ या अर्थाचं जे आपण सगळे म्हणतो, ते मुळात याच सैनिकाचं वाक्य आहे. त्या इतकी वर्षं ते म्हणत आल्या आहेत.

म्हणून ख्रिस्तसभेने सैनिकाला दार बंद केलं नाही, पण लढाईला मोकळं रानही दिलं नाही. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात आणि संत थॉमस अक्विनासने तेराव्या शतकात लढाईला अटी घातल्या. अक्विनासच्या अटी तीन: लढाईचा हुकूम वैध सत्तेचा हवा, कारण न्याय्य हवं आणि हेतू शुद्ध हवा. सूडासाठी किंवा दुसऱ्याच्या जमिनीसाठी लढणारा राजा या चाळणीतून खाली पडतो. आजचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ त्याहून कडक आहे. आक्रमकाकडून होणारं नुकसान गंभीर, टिकून राहणारं आणि निश्चित असलं पाहिजे. बाकीचे सगळे मार्ग थकलेले असले पाहिजेत, यश येण्याची खरीखुरी शक्यता हवी, आणि लढाईने मूळ दुखण्यापेक्षा मोठं दुखणं ओढवता कामा नये. अख्खी शहरं बेचिराख करणाऱ्या हल्ल्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध गुन्हा म्हटलं. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये लिहिलं, की आजच्या शस्त्रांच्या काळात ‘न्याय्य युद्ध’ म्हणण्यासाठी जुने निकष लावणंच फार कठीण झालं आहे. मला हे पटतं.

ताई, आपल्या देशात सक्तीची सैन्यभरती नाही. तुमच्या मुलाला कुणी ओढून नेत नाही, तो आपल्या मनाने निघाला आहे. म्हणून त्याला विचारा, का जातोस? पगारासाठी म्हणाला तर ते प्रामाणिक उत्तर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अग्निवीर योजनेत चार वर्षांनंतर बहुतेकांना घरी परतावं लागतं, हे मात्र त्याने पक्कं समजून घ्यावं. देश राखायला जातो म्हणाला, तर देवाचं नाव घेऊन पाठवा. पण ‘त्यांना धडा शिकवायचाय’ असं म्हणाला, आणि तो ‘त्यांना’ उच्चारताना त्याचे डोळे चमकले, तर त्याला थोडा थांबवा. तो राग कुठून आला ते आधी बघा.

आणखी एक गोष्ट त्याला घरातून निघण्याआधी सांगा. हात बांधलेल्या माणसावर, शरण आलेल्यावर, निःशस्त्र गावकऱ्यावर गोळी झाडण्याचा हुकूम कुणीही दिला तरी तो पाळायचा नाही. हे देवाच्या आज्ञेत बसत नाही आणि देशाच्या कायद्यातही बसत नाही. जिनिव्हा करार भारताने १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांचा कायदा केला.

सासूबाईंना ऑस्ट्रियातल्या एका शेतकऱ्याबद्दलही सांगा. फ्रान्झ येगरश्टेटर हा गावच्या चर्चमध्ये सेवा करणारा, लेकीबाळींचा बाप. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. बायकापोरांचा विचार कर, असं त्याला धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही सांगून पाहिलं. जखमींची शुश्रूषा करायला मी तयार आहे, असं तो म्हणाला. सरकारने ऐकलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं, त्या सोहळ्याला त्याची नव्वदी ओलांडलेली पत्नी हजर होती. सैन्यात जाणाऱ्या मुलाच्या पाकिटात मी या शेतकऱ्याचं चित्र ठेवीन. ज्याला ‘नाही’ कधी म्हणायचं ते कळतं, त्याच्याच हातात बंदूक द्यावी असं माझं मत आहे. मुलाला जाऊ द्या.

वाडीचा एक तुकडा विकतोय. घेणारा म्हणतो निम्मी रक्कम रोख, कागदावर निम्मीच दाखवू. सगळेच असं करतात. यात खरंच पाप आहे का? – वसई पश्चिम

आहे. ‘ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या’ हे प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलं (रोम. १३:७), आणि तेव्हा राज्य नीरोसारख्या जुलमी बादशहाचं होतं. जमिनीच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, ते वेगळंच. धर्मशिक्षण ग्रंथ कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं ही तीन कर्तव्यं एका ओळीत सांगतो. सैनिकाच्या नावाने मेणबत्ती लावायची आणि निम्मी रक्कम पिशवीतून घ्यायची, हे मला सहन होत नाही. सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून आपण ओरडतो, ते औषध या पैशातूनच येणार असतं.

आमच्या गावची जेट्टी वर्षानुवर्षं मंजूरच आहे. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, ओहोटीला बोट आत येत नाही, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं, तोवर मासळीचा भाव पडतो. या वेळी मतदानावर बहिष्कार टाकायचा असं गावकीने ठरवलंय. प्रार्थनागटातली काही मंडळी म्हणतात, बरंच झालं, आपलं नागरिकत्व तर स्वर्गात आहे. तुमचं मत काय? – एक मच्छीमार, रायगड किनारा

दादा, गाळाचं तुमचं दुःख खरं आहे. बहिष्काराने तो गाळ हलणार नाही.

शिक्षिका म्हणून मी बऱ्याच निवडणुकांत केंद्रावर काम केलं आहे. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, रात्र शाळेच्या वर्गात काढायची, पहाटे प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घ्यायचं, ते पुसून यंत्र शून्यावर आणायचं, मग दार उघडायचं. बहिष्काराच्या गावात काय होतं तेही पाहिलं आहे. शाईची बाटली बंद ती बंदच राहते, पोलीस शिपाई पेंगतो, संध्याकाळी शून्य मतांचं यंत्र सील होऊन निघतं. मोजणीच्या दिवशी त्या शून्याने कुणाचंही काही बिघडत नाही. उलट ज्याने जेट्टी अडवली त्याच्याविरुद्ध जाणारी मतं तेवढी कमी होतात. उमेदवार कुणीच पटत नसेल तर २०१३ पासून यंत्रावर ‘नोटा’चं बटण आहे. ते दाबलं की तुमची नाराजी मोजली तरी जाते.

स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल बोलायचं, तर ते वाक्य पौलाचंच आहे (फिलिप्पै. ३:२०). पण त्याच पौलाला यरुशलेमेत फटके मारायला बांधलं, तेव्हा तो काय म्हणाला ते प्रार्थनागटाने वाचावं. रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारायची तुम्हाला परवानगी आहे काय, असं त्याने शताधिपतीला विचारलं (प्रेषितांची कृत्ये २२:२५). पुढे खटला रेंगाळला तेव्हा थेट कैसराकडे, म्हणजे रोमन बादशहाकडे, दाद मागितली. स्वर्गाची आस लागलेल्या माणसाने पृथ्वीवरचा हक्क सोडला नाही. तुम्ही जेट्टीचा का सोडता?

आमच्या वसईतलं उदाहरण देते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विहिरींतलं पाणी टँकरने उपसून नेत होते, बागायतींवर इमारतींचा घाला येत होता. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत पुढे राहिले. धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत. ख्रिस्ती, हिंदू, आगरी, कोळी, वाडवळ एकत्र आले. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, सभा भरल्या, आणि माणसांनी मतदानही केलं. सगळं वाचलं असं मी म्हणणार नाही, डोळ्यांसमोर भराव पडलेले बघते आहे. पण जी हिरवाई उरली आहे, तिच्यात त्या लोकांचा घाम आहे.

तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाका: मंजुरीची तारीख, निधी किती, खर्च किती, काम का थांबलं. उत्तर आलं की ते ग्रामसभेत वाचा, ठराव करा आणि प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याची प्रत द्या. मतदानाच्या दिवशी अख्खं गाव रांगेत उभं राहू दे. ज्या गावाचं मतदान मोठं असतं त्या गावात पुढारी परत येतो.

माझ्या वर्गात एक मुलगी राष्ट्रगीताला ताठ उभी राहते, पण गात नाही. तिचं कुटुंब यहोवा विटनेस पंथाचं आहे. संस्थेतले काही जण कारवाई करा म्हणतात. – एक शिक्षक, रत्नागिरी

सर, करू नका. याच पंथाच्या तीन भावंडांना केरळातल्या एका शाळेने १९८५ मध्ये याच कारणाने काढून टाकलं होतं. बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. मुलं आदराने उभी राहत होती, त्यांनी गीताचा अपमान केला नव्हता, एवढं न्यायालयाला पुरेसं वाटलं. मी स्वतः ‘जन गण मन’ मोकळ्या गळ्याने गाते आणि त्या पंथाची शिकवण मला मान्य नाही. तरी त्या मुलीच्या गप्प उभं राहण्याचं रक्षण करणं हे मी माझं काम समजेन. शक्य असेल तर संस्थेच्या बैठकीत निकाल मोठ्याने वाचा. आणि वर्गात तिच्याशेजारी कोण बसतं, तिला कुणी चिडवत नाही ना, ते जरूर बघा.

कॉलेजच्या ग्रुपवर मला ‘पोर्तुगीज’ म्हणतात. पंधरा ऑगस्टला मी तिरंग्याचा फोटो टाकला, तर एकाने लिहिलं, आधी तुमची निष्ठा रोमला की दिल्लीला ते सांग. आपल्या लोकांनी देशासाठी काय केलं त्याची यादी द्याल का? – वसईची विद्यार्थिनी, सध्या रत्नागिरीत

बाळ, यादी मोठी आहे. काका बॅप्टिस्टा आपलेच, मुंबईचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या समाजातले, ख्रिस्ती. टिळकांच्या होमरूल लीगचे ते १९१६ मध्ये पहिले अध्यक्ष झाले, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. त्या सभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी आपल्या समाजासाठी राखीव मतदारसंघांचा हट्ट सोडून दिला. १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत प्राण देऊन परमवीरचक्र मिळवणारे अल्बर्ट एक्का छोटानागपूरचे ख्रिस्ती आदिवासी होते.

हे सगळं तुला ठाऊक असावं. पण त्या मुलाच्या तोंडावर ही यादी फेकू नकोस. यादी दिलीस की त्याचा प्रश्न रास्त होता असं तूच कबूल केलंस. तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाला असा दाखला द्यावा लागतो का? तू या देशाची नागरिक आहेस ती संविधानाने. एक्कांच्या रक्तावर तुला तो हक्क विकत घ्यायचा नाही. ते एक्कांनाही आवडलं नसतं.

पोर्तुगीज म्हणणाऱ्याला इतिहासातली एक साधी गोष्ट सांग. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. हरलेले पोर्तुगीज जहाजांत बसून निघून गेले. तुझे पूर्वज कुठे गेले? ते इथेच राहिले. मराठ्यांच्या अमलात त्यांनी केळी लावली, इंग्रजांच्या अमलात पानवेली लावल्या, घरात आपली बोली बोलत राहिले आणि प्रार्थना मराठीत करू लागले.

निष्ठेच्या संशयाने आपल्या गावच्या संताचाच जीव घेतला, हे फार कुणी सांगत नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, जपानमध्ये फ्रान्सिस्कन बंधू म्हणून रुग्णांची सेवा करत होते. १५९६ मध्ये तिथे एक स्पॅनिश जहाज किनाऱ्याला लागलं आणि मिशनरी म्हणजे परकीय स्वारीची आघाडी असा संशय सत्ताधारी हिदेयोशीच्या मनात पक्का बसला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यांतले एक आपले गोन्सालो. तेव्हा तुझ्यावर आलेला आळ जुना आहे, बाळ.

रोम की दिल्ली, याचं उत्तर मात्र सरळ दे. कायदा दिल्लीचा, तो मी पाळते. सदसद्विवेक देवाचा, तो मी दिल्लीलाही देणार नाही आणि रोमलाही. तेर्तुल्यान नावाच्या जुन्या ख्रिस्ती लेखकाने ‘कैसराचं ते कैसराला, देवाचं ते देवाला’ या नाण्याबद्दलच्या येशूच्या उत्तराचा अर्थ फार चांगला लावला होता. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे, म्हणून नाणं कैसराला. माणसावर देवाची प्रतिमा आहे, म्हणून माणूस देवाला. आणि ग्रुपवर वाद वाढला तर तिथून बाहेर पड, कॉलेजच्या निवडणुकीला उभी राहा.

२०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला, तेव्हा रविवारच्या विश्वासू जनांच्या प्रार्थनांत (मिस्सेत सगळ्यांच्या वतीने वाचतात त्या) मी एक ओळ लिहिली होती: दोन्ही देशांच्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. मिस्सेनंतर एका काकांनी सगळ्यांसमोर मला देशद्रोही म्हटलं. तेव्हापासून मी प्रार्थना लिहायचं सोडलं. माझं चुकलं का? – एक युवक, वसई

नाही, अजिबात नाही. ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ (मत्तय ५:४४) ही आज्ञा शांततेच्या दिवसांसाठी नाहीच. शांततेत वैरी कुठे असतो?

१९७१ च्या डिसेंबरात मी शाळकरी मुलगी होते. आमच्या खिडक्यांना काळे कागद होते आणि माझा थोरला भाऊ नौदलात होता. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, त्यात पाकिस्तानची खैबर ही युद्धनौका बुडाली. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान मुल्ला जहाजाबरोबर गेले. कुठल्या जहाजावर कोण, हे घरी कळायला मार्ग नव्हता. आई रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, म्हणायची आणि शेवटी ‘समुद्रावर असलेल्या सगळ्या पोरांसाठी’ ‘प्रणाम मरिया’ ही प्रार्थना एकदा जास्तीची जोडायची. वडिलांनी विचारलं, सगळ्या म्हणजे? ती म्हणाली, सगळ्या. भाऊ परत आला. त्याला हे कळलं तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाण्यात पडलेल्या माणसाला ओढून घेताना गणवेश बघत नाहीत, असं तो म्हणाला. लढणाऱ्यांना हे कळतं. न लढणाऱ्यांना कळायला वेळ लागतो.

आजही आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, पाण्यातली सीमारेषा चुकते आणि कराचीच्या मालीर तुरुंगात अडकतात. तिकडचे मच्छीमार तसेच इकडे अडकतात. या पोरांच्या आया कुठल्या देशाच्या आहेत हे बघून देवाने ऐकावं, अशी प्रार्थना कुणाला करता येईल?

तरी त्या काकांवर राग धरू नकोस. त्यांच्या घरातलं कुणी सीमेवर असेल, भीतीने माणूस असा बोलतो. त्यांच्या घरी जा, कोण कुठे आहे ते विचार आणि त्या जवानाचं नाव लिहून घे. मग पुढच्या रविवारसाठी पुन्हा प्रार्थना लिही. पहिल्या ओळीत आपल्या जवानांसाठी, नावानिशी, देशाच्या रक्षणासाठी. दुसऱ्या ओळीत युद्ध थांबवण्याचा अधिकार ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी. तिसऱ्या ओळीत सीमेपलीकडच्या सैनिकांसाठी आणि दोन्हीकडच्या तुरुंगांतल्या मच्छीमारांसाठी. शनिवारपर्यंत फादरांना दाखव, आणि त्यांनी मान्य केलं तर रविवारी ती प्रार्थना काकांनाच वाचायला सांग.